लिपिडच्या थरावर प्रोटीन सोडताय? आलेख चढला म्हणून हुरळू नका, या चुका टाळा

लँगमुइर ट्रफमध्ये, म्हणजे पृष्ठभागावरचा थर आवळून त्याचा दाब मोजायच्या उथळ भांड्यात, पाण्यावर लिपिडचा (पेशीपटलातल्या स्निग्ध रेणूंचा) एकपदरी थर पसरला, खाली प्रोटीन सोडलं आणि पृष्ठदाब (थरामुळे पाण्याचा पृष्ठताण जितका घटतो तो आकडा) चढू लागला, की बरेच विद्यार्थी वहीत लिहून मोकळे होतात: 'प्रोटीन थरात शिरलं.' सगळ्यात मोठी चूक होते ती इथेच.

प्रोटीनला मुळातच पृष्ठभागाची ओढ असते. लिपिडचा कणही नसलेल्या बफरवर (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणावर) अल्ब्युमिनसारखं साधं प्रोटीनही वर येऊन बसतं आणि एकट्याच्या जोरावर दाब बराच चढवतं. त्यामुळे सुरुवातीचा दाब 5 मिलिन्यूटन प्रति मीटर (पुढचे दाबही याच एककात) इतका कमी, म्हणजे थर विरळ ठेवलात, तर लिपिडशी काही देणंघेणं नसलेलं प्रोटीनही मधल्या मोकळ्या जागेत घुसतं. आधी त्याच मात्रेचं प्रोटीन नुसत्या बफरवर तपासा. मग क्षेत्रफळ कायम ठेवून सुरुवातीचा दाब टप्प्याटप्प्याने वाढवत जा आणि दर वेळी किती वाढ होते ते मांडा. ही रेषा जिथे शून्यावर येते, तो शिरकावाचा कमाल दाब. खऱ्या पेशीपटलातली लिपिडची दाटी साधारण 30 ते 35 इतक्या दाबाशी जुळते असं मानतात. तुमचा आकडा त्याच्या बराच खाली असेल, तर पेशीत प्रोटीन पटलात शिरतं असा दावा करू नये.

दुसरा गुन्हेगार असतो साठवणीचा बफर. प्रोटीनच्या कुपीत ट्वीन किंवा ट्रायटन ही साबणासारखी द्रव्यं असतील, तर दाब तेच चढवतात, तेही झपाट्याने. डायलिसिसने (सूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून लहान रेणू काढून टाकून) ट्वीन सहजासहजी निघत नाही. म्हणून तितकाच, पण प्रोटीन नसलेला बफर सोडून बघणं मला तरी अनिवार्य वाटतं. हा कंट्रोल नसलेल्या आलेखावर मी विश्वास ठेवत नाही.

लिपिड घालण्याआधी बॅरियर, म्हणजे थर आवळणारी सरकती पट्टी, पूर्ण आवळून बघा. दाब 0.2 च्या वर सरकला तर पृष्ठभाग मळलेला आहे. वरचा पापुद्रा सक्शनने ओढून घ्या आणि पुन्हा आवळा. पट्टी सरकवून पृष्ठभाग झाडून घ्यायची ही युक्ती ब्राऊनश्वाइगच्या आग्नेस पॉकेल्स यांनी घरच्या घरी वापरली होती. त्यांचं पत्र भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांच्यामार्फत 1891 मध्ये 'नेचर'मध्ये छापून आलं. आजही त्याला तोड नाही.

लिपिड ज्यात विरघळवून पसरता, तो क्लोरोफॉर्म उडून जायला 10-15 मिनिटं द्या. दाब मोजायला पृष्ठभागात बुडवून टांगलेली प्लेट फिल्टर पेपरची असेल तर दर प्रयोगाला नवी घ्या. प्लॅटिनमची असेल तर ज्योतीत लाल होईपर्यंत तापवा, कारण चिकटलेल्या प्रोटीनमुळे ती नीट भिजत नाही आणि आकडा फसवतो. तासन्‌तास चालणाऱ्या प्रयोगात पाणी उडतं, प्लेट कमी बुडते आणि दाब घटल्यासारखा दिसतो. ट्रफवर झाकण हवंच.

आणि दाब हललाच नाही तर? सुई थरातून घुसवू नका. बाजूच्या छिद्रातून किंवा बॅरियरच्या पलीकडून सोडा. ग्लिसरॉल मिसळलेलं जड द्रावण तळाशी जाऊन बसतं, तेव्हा मंद ढवळणी चालू ठेवा. एवढं करूनही रेष सपाट राहिली तरी 'बंध नाही' असं लिहू नका. काही प्रोटीनं लिपिडच्या डोक्यांना (पाण्याकडे वळलेल्या टोकांना) खालून नुसती चिकटतात, आत शिरत नाहीत, आणि दाबाला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यासाठी फ्लुओरेसन्स किंवा क्ष-किरण परावर्तन वापरा. विद्युतभाराचा संशय असेल तर बफरमधलं मीठ वाढवून तोच प्रयोग पुन्हा करा.