पिस्तूल का फसतं? दोष शोधताना या चुका टाळा

आमच्या रेंजवर एका ज्युनिअर मुलीचं पॉइंट टू-टू पिस्तूल दर तिसऱ्या-चौथ्या गोळीला अडकायचं. "डिझाइनच भिकार आहे," हा निकाल बाहेरच्या चहावाल्यापर्यंत पोचला होता. हत्यारं दुरुस्त करणाऱ्या आर्मररनं पिस्तूल उघडलंही नाही. मॅगझिन, म्हणजे गोळ्या भरायची डबी, काढलं आणि उजेडात धरलं. गोळी धरून ठेवणाऱ्या वरच्या दोन ओठांपैकी एक, कधीतरी फरशीवर आपटून, नखाच्या जाडीएवढा वाकला होता. त्यामुळे गोळीचं नाक चेंबरच्या, म्हणजे नळीमागच्या गोळी बसायच्या जागेच्या, तोंडात न शिरता खालच्या कडेवर धडकत होतं. दुसरं मॅगझिन घातलं, तक्रार संपली.

पहिली चूक ही अशी होते. गोळी अडकली तर नळी सुरक्षित दिशेला आणि बोट चापाबाहेर ठेवायचं. मग आधी मॅगझिन बघा, नंतर गोळी, नंतर साफसफाई. डिझाइनला नावं ठेवायची पाळी सगळ्यात शेवटी येते. आणि परवान्याचं हत्यार घरी उघडून कानस चालवू नका. परवानाधारक कारागीर त्यासाठीच असतो.

पण खरोखरच फसलेली पिस्तुलंही असतात. ती ओळखताना होणारी चूक म्हणजे ऐकीव गोष्टीवर भिस्त ठेवणं. जपानचं टाइप 94 घ्या. जपानी शाही पंचांगातलं 2594 वर्ष, म्हणजे आपलं 1934, त्यावरून हे नाव. घोडा, म्हणजे ठोका देऊन गोळी उडवणारा भाग, अडवून धरणारी यंत्रणा बहुतेक पिस्तुलांत आत लपलेली असते. इथे तिची लांब पट्टी डाव्या अंगाला चक्क उघड्यावर आहे. घोडा चढवलेला, चेंबरमध्ये गोळी आणि सेफ्टी काढलेली असेल, तर त्या पट्टीचं पुढचं टोक दाबताच बार उडतो. चापाला बोट लागायची गरजच नाही. शरण येणारा जपानी अधिकारी पिस्तूल हातात देता देता गोळी झाडतो, असल्या कहाण्या यावरूनच पिकल्या. पण त्या तीन अटी पुन्हा वाचा. सेफ्टी लावली की हीच पट्टी जखडली जाते. दोष खराच आहे, कहाणी मात्र त्याच्याहून बरीच मोठी झाली. माझा आक्षेप वेगळा आहे. माणूस पिस्तूल फक्त मुठीतच धरतो असं इथे गृहीत धरलेलं दिसतं. होल्स्टरमधून, म्हणजे कमरेच्या म्यानातून, ओढताना किंवा दुसऱ्याच्या हाती देताना बोटं नेमकी त्या अंगावर पडतात, हे कोणाच्या ध्यानात आलं नसावं.

"गोळी बसली म्हणजे चालते" ही समजूत त्याहून धोक्याची. इटलीच्या 1910 च्या ग्लिसेंटी पिस्तुलाची डावी बाजू म्हणजे जवळजवळ अख्खी एक निघणारी झाकणपट्टी. साफ करायला सोयीचं, पण सांगाडा त्या बाजूनं कमजोर. म्हणून त्याची 9 मिलिमीटरची गोळी मुद्दाम कमी जोराची ठेवली होती. घोळ असा की मापानं ती जर्मन पॅराबेलम गोळीसारखीच. जोरदार जर्मन गोळी निमूटपणे चेंबरमध्ये बसायची आणि तकलादू सांगाड्यावर नको तेवढा दाब यायचा. स्वयंपाकघरातला गॅसचा रेग्युलेटर चुकीच्या सिलिंडरवर बसतच नाही. ती अक्कल इथे वापरली गेली नाही. जुन्या हत्याराबाबत नियम सोपा आहे: नळीवर काय कोरलंय तेवढ्यावर जाऊ नका, ते कोणत्या जोराच्या काडतुसासाठी बनवलं होतं ते जाणकाराकडून खात्री करून घ्या.

दोष झाकायला शिस्तीचं पांघरूण घालणं ही जुनी खोड. 1873 च्या कोल्ट रिव्हॉल्व्हरमध्ये खाली टेकलेल्या घोड्याचं टोक थेट काडतुसाच्या बुडावर यायचं. पडलं, घोड्यावर आपटलं, की बार. उपाय काय? सहा घरांत पाचच गोळ्या भरा आणि घोडा रिकाम्या घरावर ठेवा! तोच ढंग पुढे चालवणाऱ्या रूगर कंपनीनं 1973 मध्ये घोडा आणि फायरिंग पिन (काडतुसाच्या बुडावर आदळणारी कांडी) यांच्या मधे एक सरकती पट्टी घातली. चाप ओढलेला असेल तरच ती घोड्याचा ठोका पिनपर्यंत पोचवते. शंभर वर्षं माणसानं सांभाळलेलं काम एका पट्टीनं उचललं.

पडण्याची चाचणी एकाच बाजूनं करून समाधान मानणं, हेही त्याच घरातलं. 2017 मध्ये सिग सॉअर कंपनीच्या पी320 पिस्तुलाबाबत उघड झालं की मागच्या बाजूवर विशिष्ट कोनात पडलं तर त्याचा चाप स्वतःच्याच वजनानं मागे जाऊन गोळी सुटू शकते. कंपनीनं त्याच वर्षी हलका चाप बसवून देण्याची योजना काढली.

आता जपानकडेच परत, कारण तिथलं 1925 चं टाइप 14 मला जास्त आवडतं. हातमोजा घातलेलं बोट चापापर्यंत नीट जात नाही हे कळल्यावर चापाभोवतीचं कडं मोठं केलं गेलं. थंड मुलखात लढणाऱ्या सैन्याला ते हवंच होतं. फायरिंग पिन तुटण्याचं दुखणं मात्र वेगळ्याच वाटेनं सोडवलं. हे पिस्तूल कुठे संग्रहात दिसलं तर सोबतचं होल्स्टर नीट बघा. त्यात एक चिंचोळा खण असतो, जादा पिन ठेवण्यासाठी.