‘सिएलितो लिन्दो’चं ध्रुवपद मराठीत बसवताना

मेक्सिकोचं हे स्पॅनिश प्रेमगीत १८८२ सालचं, किरिनो मेंडोसा इ कोर्तेस यांच्या नावावरचं. मराठीत आणायचं तर आधी शब्दकोश बाजूला ठेवा आणि बोटांवर अक्षरं मोजा.

ध्रुवपद असं: ‘आय, आय, आय, आय, कान्ता इ नो योरेस, पोर्के कान्तान्दो से आलेग्रान, सिएलितो लिन्दो, लोस कोरासोनेस.’ त आणि द मराठीसारखेच दंत्य. ट-ड केलं की गाणं इंग्रजी वाटायला लागतं.

मोजणीत हमखास चूक होते ती इथे. स्पॅनिश गाण्यात एक शब्द स्वराने संपला आणि पुढचा स्वराने सुरू झाला, तर दोन्ही मिळून एकच अक्षर. म्हणून ‘कान्ता इ’ मोजायचं ‘कान्-ताय’, आणि ओळ होते पाचाची: कान्-ताय-नो-यो-रेस. ‘से आलेग्रान’मध्येही तेच, तिथे आठ भरतात. शेवटच्या अक्षरावर आघात असेल तर एक वाढवून धरायचं, त्यामुळे चार ‘आय’सुद्धा पाचच. थोडक्यात ५, ५, ८, ५, ५.

आता अर्थ. ‘सिएलो’ म्हणजे आभाळ, ‘-इतो’ हा लाडाचा प्रत्यय. ‘सुंदर छोटं आभाळ’ असं भाषांतर केलंत तर फसलात. ती प्रेमाची हाक आहे. शब्द पुल्लिंगी आहे म्हणून समोर पुरुषच आहे असंही नाही. आपण मुलीलाही ‘सोन्या’ म्हणतोच की! ‘कान्तान्दो’ला मराठीत आयती जोडी आहे: ‘गाता गाता’. ‘आलेग्रान’ हे क्रियापद अनेकवचनी, त्याचा कर्ता अगदी शेवटी येतो: कोरासोनेस, म्हणजे हृदयं. गाणं हरखत नाही, हृदयं हरखतात. नवशिके हा कर्ता शोधायच्या आधीच वाक्य संपवतात.

आय आय आय आय,
गा, रडू नको,
गाता गाता हरखती,
सोनुल्या माझ्या,
सगळी मनं.

‘पोर्के’, म्हणजे ‘कारण’, इथे मुद्दाम गाळलंय. ‘कारण’ घातलं की आठाची ओळ अकरावर जाते, आणि ‘गा’ला लागूनच ‘गाता गाता’ आल्याने कारण कळतंच. ‘हरखती’, ‘सगळी’ बोलताना एकेक अक्षर गिळतात. गाताना ह-र-ख-ती, स-ग-ळी असं सुटं म्हणा. अभंग म्हणणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही.

ठेका तीन मात्रांचा, तेव्हा दादऱ्यावर टाळी चालते. ‘आय’ मात्र घाईत उरकू नका. तो कण्हण्याचा आवाज आहे, आपल्या ‘आई गं’सारखा. तो नीट लांबवला नाही, तर पुढचं ‘रडू नको’ कुणाला म्हटलंय तेच कळत नाही.