रोबोटचे सुटे भाग घरी थ्रीडी प्रिंटरवर छापताय? या चुका टाळा

तुटलेला भाग व्हर्नियरमध्ये धरायचा, मापं घ्यायची, तसाच्या तसा छापायचा आणि तो परत त्याच जागी मोडायचा. गेल्या चवथीला मखरापुढे सोंड हलवणारा हत्ती केला होता, त्याच्यापायी हे मी तीनदा केलं. भाग टाकून देण्याआधी तो कुठे तुटलाय ते बघायला हवं होतं.

माझा सोंडेचा दांडा थर जिथे चिकटतात तिथेच सुटत होता. थ्रीडी प्रिंटचा भाग थरांच्या दिशेने ओढला तर टिकतो, थर एकमेकांपासून उचकटले जातील असा ताण आला की हरतो. उभा छापलेला दांडा आडवा छापला, बाहेरच्या भिंती दोनच्या चार केल्या, काम झालं. इन्फिल, म्हणजे आतला भराव, शंभर टक्के करून नुसतं प्लास्टिक आणि वेळ जातो.

झिजलेल्या गिअरचं माप जसंच्या तसं घेऊ नका. साध्या सरळ दातांच्या गिअरला बाहेरचा व्यास भागिले (दात अधिक २) केलं की मोड्यूल, म्हणजे दातांच्या आकाराचं माप, मिळतं. २० दात आणि व्यास २१.७ मिमी भरला, तर उत्तर ०.९८६ येतं. खरं मोड्यूल १, बाकीची झीज.

सर्व्होच्या (हव्या त्या कोनात फिरणाऱ्या छोट्या मोटरच्या) दांड्याचे बारीक दात छापायच्या फंदात पडूच नका. प्लास्टिक जिथून बाहेर येतं त्या ०.४ मिमीच्या नोझलला ते झेपत नाहीत. सर्व्होबरोबर आलेला हॉर्न (दांड्यावर बसणारी छोटी पट्टी) घ्या, आपल्या भागात त्याच्या आकाराची खाच ठेवा आणि दोन स्क्रूंनी आवळा. भोकं छापताना थोडी आवळतात, म्हणून ३ मिमीचा स्क्रू आरपार जायला भोक ३.३ च्या आसपास ठेवा.

आता आपल्याकडची खरी डोकेदुखी. जूनमध्ये पाऊस धरला की पापड मऊ पडतात, तसं फिलामेंटही (प्रिंटरला लागणारी प्लास्टिकची तार) ओल ओढतं. नोझलमधून तडतड आवाज, भागावर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे, खरखरीत पृष्ठभाग दिसला की सेटिंग बदलत बसू नका, मी दोन रात्री त्यात घालवल्या. पीएलए, म्हणजे नेहमीच्या वापरातलं फिलामेंट, ४५ ते ५० अंशांवर चार-सहा तास सुकवा. घरच्या ओव्हनवर भरवसा नको, एवढ्या कमी तापमानाला त्याचा काटा नीट थांबत नाही. सुकलेलं रीळ घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. स्क्रू मात्र स्टेनलेसचेच घ्या, खाऱ्या हवेत साधे गंजून जाम होतात आणि काढताना भागच फुटतो.

पीएलए साधारण ६० अंशांना मऊ होतं. हत्ती पेडण्याला नेताना गाडी भर उन्हात उभी केली, तर सोंड खाली लोंबलेली. ती मग जास्त उष्णता सोसणाऱ्या पीईटीजी प्लास्टिकची छापली.