टेक्सास फुटतंय म्हणे? बातमी अशी तपासा

ह्यूस्टनला आपलं कोणी असलं आणि ‘अमेरिका फुटणार’ असा फॉरवर्ड आला की पोटात गोळा येतोच, पण आधी बघा राज्य आणि केंद्राचं भांडण कोर्टात आहे का. जानेवारी २०२४ मध्ये मेक्सिको सीमेवरच्या ईगल पासला टेक्सासने स्थलांतरितांना अडवायला नदीकाठी लावलेल्या काटेरी तारा कापायला सुप्रीम कोर्टाने ५-४ने केंद्राला मुभा दिली, राज्य आणखी तारा लावत राहिलं, पण एकमेकांवर गोळी नाही चालली.

मग नॅशनल गार्ड, म्हणजे एरवी गव्हर्नरच्या हाताखालची पण राष्ट्राध्यक्षालाही ताब्यात घेता येणारी राज्याची राखीव फौज, कोणाच्या हुकमात आहे ते शोधा, हे सगळ्यात महत्त्वाचं. १९५७ला आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉकमध्ये गव्हर्नरने गार्ड गोऱ्यांच्या शाळेपाशी उभं करून नऊ काळ्या मुलांना अडवलं, तेव्हा राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरने तेच गार्ड स्वतःच्या ताब्यात घेतलं. गार्डनेच असा हुकूम धुडकावला तर मात्र खरंच काळजी करा.

आणि वेगळं होण्याचा ठराव वगैरे दिसला तर सुप्रीम कोर्टाचा १८६९चा टेक्सास विरुद्ध व्हाइट निकाल वाचा, राज्याला एकतर्फी बाहेर पडता येत नाही.