फ्लॅटमधील पिल्लाला शी-शूची शिस्त लावताना
पॉमेरेनियन किंवा डॅशहुंड जातीच्या कुत्र्याचे दोन-तीन महिन्यांचे पिल्लू फार वेळ लघवी रोखून धरू शकत नाही. त्यामुळे झोपेतून उठल्यावर, खाणे झाल्यावर आणि खेळ थांबल्यावर त्याला लगेच ठरलेल्या जागी न्यावे. लसीकरण पूर्ण होईपर्यंत पार्व्हो या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराच्या धोक्यामुळे रस्त्यावर नेणे टाळावे आणि बाल्कनीच्या कोपऱ्यात वर्तमानपत्र अंथरावे. कागद बदलताना किंचित ओला तुकडा नव्या कागदाखाली ठेवल्यास वासावरून पिल्लाला जागा ओळखता येते. जमीन हुंगत ते गोल गोल फिरू लागले की वेळ झाली असे समजावे. काम उरकताक्षणी शाबासकी आणि बिनमिठाच्या उकडलेल्या चिकनचा (शाकाहारी घरात पनीरचा) नखाएवढा तुकडा द्यावा. उशिरा दिलेले बक्षीस कशासाठी होते, हे त्याला उमगत नाही. भलतीकडे घाण केल्यास तिथे नाक घासण्याची आपल्याकडची जुनी पद्धत सर्वस्वी चुकीची आहे, कारण त्यातून पिल्लू केवळ माणसांच्या नजरेआड, सोफ्यामागे, उरकायला शिकते. अशी जागा अमोनियायुक्त द्रावणाने पुसू नये, कारण त्याचा वास लघवीशी मिळताजुळता असल्याने पिल्लू पुन्हा तिथेच जाते; पाण्यात थोडे व्हिनेगर घालून पुसावे.