पाणी नितळ, तरी मासे गुदमरत होते

रविवारी माशांच्या टाकीतल्या फिल्टरचा स्पंज नळाखाली चोळचोळून धुतला, अगदी नवा दिसेपर्यंत. मंगळवारी सकाळी गप्पी आणि मॉली पाण्याच्या वर तोंड काढून भराभर कल्ले हलवत होते. जीव कळवळला. पाणी तर आरशासारखं! पाणी तपासायच्या टेस्ट किटचे थेंब टाकले आणि नळी हिरवी झाली. माशांच्या विष्ठेतून येणारा विषारी अमोनिया १ पीपीएम (दहा लाख भागांत एक भाग), जो शून्यच हवा.

स्पंजातला तो बुळबुळीत तपकिरी थर म्हणजे अमोनियाचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करणारे जिवाणू. नळाच्या क्लोरीनने ते मेले होते.

दोन दिवस माशांचं खाणं बंद. रोज एक तृतीयांश पाणी बदललं, क्लोरीन घालवणारं अँटिक्लोरीन घालूनच. मैत्रिणीच्या जुन्या टाकीतला न धुतलेला स्पंज मागून आणून बसवला. बाराव्या दिवशी नळी पुन्हा पिवळी, म्हणजे अमोनिया शून्य! आता स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळते.