सांगलीत खोली ठरवण्याआधी गल्लीची चौकशी कशी करावी

तासगाव, जत, कवठेमहांकाळकडून नात्यातलं कुणी पोरगं-पोरगी शिकायला सांगलीत आलं की खोली बघायचं काम माझ्या गळ्यात पडतं. भाडं, पाणी, डिपॉझिट सगळे विचारतातच, त्यात मी पडत नाही. "एरिया कसा आहे?" हा प्रश्न मात्र हटकून चुकीच्या माणसाला विचारला जातो. एजंट म्हणणार, "एकदम फॅमिली एरिया." घरमालक म्हणणार, "आमच्याकडं दार उघडं टाकून झोपतात." त्यांना खोली द्यायची आहे, दुसरं काय सांगतील?

इंटरनेटवरचे 'सेफ्टी इंडेक्स' तर बघूच नका. ते चार लोकांनी घरबसल्या भरलेल्या मतांवर चालतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे खरे असतात, पण त्यांचे शहरवार तक्ते 20 लाखांवरच्या महानगरांचे. सांगली त्यात बसत नाही. जिल्ह्याचा आकडा मिळतो, त्यात विश्रामबागेसोबत जत, आटपाडी, शिराळाही आले. त्यावरून गल्लीचं काय कळणार?

आधी खोली कुठल्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत येते ते विचारून घ्या. महापालिकेच्या हद्दीत सांगली शहर, विश्रामबाग, संजयनगर, मिरज शहर, महात्मा गांधी चौक, कुपवाड एमआयडीसी अशी बरीच ठाणी आहेत. खोली हद्दीच्या काठावर असेल तर दोन्ही ठाणी धरा.

आता खरं काम. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर 'प्रकाशित एफआयआर' असा भाग आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशामुळं संवेदनशील गुन्हे वगळता एफआयआर संकेतस्थळावर टाकावे लागतात. जिल्हा, ठाणं, तारखा निवडा आणि एकेक महिना करून मागचं वर्ष काढा. इथपर्यंत कुणीही पोचतो. पुढं माझीही पहिल्यांदा चांगलीच दमछाक झाली होती, कारण ती यादी मोजायची नसते, वाचायची असते.

मोजून काय होतं बघा. ज्या ठाण्याच्या हद्दीत एसटी स्टँड आणि बाजारपेठ, तिथं गर्दीत पाकीट-मोबाइल मारल्याच्या नोंदी जास्त असणारच. त्या बाहेरगावच्या प्रवाशांच्या असतात, मागच्या गल्लीत राहणाऱ्याचा त्यांच्याशी फारसा संबंध नसतो. दारूबंदी आणि जुगाराच्या केसेस पोलीस स्वतः छापा टाकून करतात. त्या वाढल्या म्हणजे अड्डे वाढले की पोलीस हलले, हे नुसत्या आकड्यावरून सांगता येत नाही. अपघाताच्या केसेस तर सरळ बाजूला काढा. उलट बाजूनं, मोबाइल चोरीला गेला तरी बरेच जण सिमकार्डापुरती 'गहाळ' अशी नोंद करून मोकळे होतात. तो एफआयआर नव्हेच. त्यामुळं कोरी यादी बघून हुरळून जाऊ नका.

वाचायचं काय, तर कलमं. भारतीय न्याय संहितेचं 331 म्हणजे घरफोडी, सोबत बहुधा 305 असतं, राहत्या घरातल्या चोरीचं. 304 म्हणजे हिसकावून नेणं, गळ्यातलं गंठण तोडून पळाल्याच्या केसेस इथं. 309 जबरी चोरी. 1 जुलै 2024 आधीच्या केसेस काढल्यात तर त्यांना जुन्या भारतीय दंड संहितेची (आयपीसी) कलमं दिसतील: 457, 454, 380. असे एफआयआर उघडून त्यातल्या दोन जागा बघा.

पहिली जागा घटनास्थळाची. तिथं ठाण्यापासूनची दिशा, अंतर आणि पत्ता असतो. एकाच कोपऱ्याचं नाव पुन्हा पुन्हा आलं की कागदावर टिपून घ्या, मारामारीच्या केसेसही त्यात धरा. दुसरी जागा घटनेच्या वेळेची, 'पासून' आणि 'पर्यंत'. ही कुणीच वाचत नाही आणि सगळं मर्म इथंच आहे. दोन-तीन दिवसांचं अंतर दिसलं तर घर कुलूपबंद होतं. दुपारची वेळ असेल तर माणसं कामावर गेल्यावर गल्ली ओस पडते असं समजा. शिकणारी पोरं शनिवारी संध्याकाळी गावाकडं जातात, सोमवारी सकाळी परततात. शनिवार-रविवारी बंद घरं फुटणाऱ्या गल्लीत खालच्या मजल्यावरची, रस्त्याकडं दार असलेली खोली मी कितीही स्वस्त मिळाली तरी घेत नाही. मालक त्याच इमारतीत राहत असेल तरच विचार करते.

एक ताकीद. त्या कागदांवर फिर्यादीचं नाव-पत्ता असतो. स्क्रीनशॉट काढून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका.

आणि मोठ्या बातमीनं बिथरू नका. जून 2023 मध्ये मिरज रस्त्यावरच्या सराफी शोरूमवर भरदिवसा दरोडा पडला, तेव्हा "विश्रामबागकडं नको गं बाई" म्हणणारे फोन मलाही आले. सोन्याचं शोरूम हेरून आलेली टोळी विद्यार्थिनीच्या खोलीत काय शोधणार?

मुलीसाठी खोली बघत असाल तर हे कागद अपुरे आहेत. लैंगिक गुन्ह्यांचे एफआयआर पोर्टलवर टाकत नाहीत, ते योग्यच आहे. ती माहिती बायकांकडूनच मिळते. मेस चालवणाऱ्या मावशी, इस्त्रीवाल्याची बायको, जवळच्या हॉस्टेलातल्या पोरी. "सेफ आहे का?" असं विचारलंत तर "हो हो" एवढंच ऐकाल. विचारा, "क्लास सुटल्यावर कुठल्या रस्त्यानं येता? जवळचा रस्ता का सोडता?" शामरावनगरसारख्या गुंठेवारीच्या भागात मोकळे प्लॉट, वाढलेलं रान आणि बंद दिवे यामुळं पोरी लांबचा फेरा घेतात. त्या जो रस्ता टाळतात, तो तुम्हीही टाळा. चौकात गाड्यांवर बसणाऱ्या टोळक्याबद्दलही त्याच सांगतील, घरमालक नाही.

मग रात्री साडेदहाला स्टॉपपासून खोलीपर्यंत एकदा चालत जा. गाडीवरून नको.

खोली ठरली की भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यायला मालकाला लावा, किंवा पोर्टलवर भरून घ्या. "कशाला ती भानगड" म्हणणारा मालक असेल तर डिपॉझिट देऊ नका. कडी-कोयंडा त्याच दिवशी बदला आणि जुन्या कुलपाची किल्ली आधीच्या भाडेकरूकडं राहिली आहे का, हे मालकाला तोंडावर विचारा.